सोडतीने निवड समिती, विचाराने पदाधिकारी: तांत्रिक मानक संस्थेचं स्वयंसेवी नेतृत्व कसं निवडावं

टीसीपी, एचटीटीपी, टीएलएस असली इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत सभासदत्व नावाची गोष्टच नाही. वर्गणी नाही, मतदारयादी नाही. जो येऊन काम करतो तो सहभागी. तरीही या संस्थेला दरवर्षी आपले निम्मे पदाधिकारी बदलावे किंवा पुन्हा नेमावे लागतात, आणि तेही बिनपगारी कामासाठी. तीस वर्षांहून जास्त काळ हे काम तिथे ‘नॉमकॉम’, म्हणजे नामनिर्देशन समिती, करते. ती कशी चालते ते इथे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. तिच्यात शिरू पाहणाऱ्याला याचा उपयोग होईलच, पण मुक्त सॉफ्टवेअरचा एखादा गट किंवा छोटी मानक समिती चालवणाऱ्यालाही ही पद्धत जवळपास जशीच्या तशी उचलता येईल.

सरळ निवडणूक का नाही

गृहनिर्माण सोसायटीत मतदार कोण हे ठरलेलं असतं, कारण भागधारकांची यादी असते. जिथे दार सगळ्यांना उघडं आहे, तिथे मत कुणाला द्यायचा अधिकार आहे हेच ठरत नाही. मतदानाचा हक्क ‘जो हजर तो’ असा ठेवला, तर पन्नास इंजिनियर पाठवू शकणारी कंपनी निवडणूक खिशात घालेल. मानकं ज्यांच्या उत्पादनांवर बंधनं आणतात, त्यांनाच पंच नेमायला दिल्यासारखं ते होईल.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे जुन्यांनी नवे नेमायचे. त्याचा फटका आयईटीएफला १९९२ मध्ये बसला. इंटरनेटचे पत्ते संपत चालले होते. जूनमध्ये जपानमधल्या कोबे इथे झालेल्या बैठकीनंतर याच पद्धतीने भरलेल्या इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने, म्हणजे आयएबीने, आयपी या इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलच्या पुढच्या आवृत्तीसाठी सीएलएनपी हा ओएसआय या प्रतिस्पर्धी मानकसंचातला प्रोटोकॉल पायाभूत धरावा, असा प्रस्ताव पुढे आणला. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारलंच नव्हतं, म्हणून मोठा उठाव झाला. जुलैमध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजच्या बैठकीत डेव्हिड क्लार्क यांनी ‘राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्ही नाकारतो; ढोबळ सहमती आणि चालणारा कोड यांवर आमचा विश्वास’ या अर्थाचं प्रसिद्ध वाक्य उच्चारलं. मग ‘पॉइज्ड’ नावाचा कार्यगट बसला. मानकं मंजूर करण्याचा अधिकार आयईएसजी या सुकाणू गटाकडे गेला आणि पदाधिकारी निवडण्यासाठी नॉमकॉम आली. आयईटीएफच्या क्रमांक दिलेल्या प्रकाशित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात; आज तिचे नियम आरएफसी ८७१३ या फेब्रुवारी २०२० च्या दस्तऐवजात आहेत. समितीत कोणाला बसता येईल याची अट २०२३ च्या आरएफसी ९३८९ ने बदलली.

पहिलं काम: चार अधिकार चार ठिकाणी ठेवा

या पद्धतीचा सगळा भार एका गोष्टीवर आहे. पदासाठी काय हवं हे सांगणारे, निवडणाऱ्यांना निवडणारे, प्रत्यक्ष निवडणारे आणि निवडीवर शिक्कामोर्तब करणारे हे चौघे एक असता कामा नयेत.

आयईटीएफमध्ये पदाची गरज त्या त्या मंडळाकडून लेखी येते. निवडणाऱ्या दहा जणांना कुणी निवडत नाही, त्यांची नावं सोडतीत निघतात. या दहांनाच मत असतं. समितीचा अध्यक्ष इंटरनेट सोसायटीचे प्रमुख नेमतात, पण त्याला मत नाही. मागच्या वर्षीचा अध्यक्ष सल्लागार म्हणून बसतो, मंडळांचे संपर्क प्रतिनिधी बसतात. मत त्यांनाही नाही. शेवटी आयईएसजीच्या नावांना आयएबी मान्यता देते आणि आयएबीच्या नावांना इंटरनेट सोसायटीचं विश्वस्त मंडळ.

छोट्या संस्था बहुतेकदा चुकतात त्या इथेच. मावळती कार्यकारिणी तीन ज्येष्ठांची ‘शोध समिती’ नेमते, ते तिघे आपल्या ओळखीतली नावं काढतात आणि तीच कार्यकारिणी ती मंजूर करते. माणसं प्रामाणिक असली तरी निवड त्याच वर्तुळात फिरत राहते. माणसं कमी असतील तर दहाऐवजी पाच जणांची समिती करा, पण सोडत आणि बाहेरची मान्यता या दोन गोष्टी सोडू नका.

वेळापत्रक उलटं मोजा

आयईटीएफच्या वर्षात तीन बैठका होतात: साधारण मार्च, जुलै आणि नोव्हेंबर. नवे पदाधिकारी मार्चच्या बैठकीत सूत्रं घेतात. म्हणून नॉमकॉमचं काम त्याच्या किमान आठ महिने आधी सुरू व्हावं आणि एक महिना आधी संपावं, असा नियम आहे. शेवटचा तो मोकळा महिना कार्यभार सोपवण्यासाठी असतो. तो खाऊ नका. नव्या माणसाला चालू मसुदे, अडलेले वाद आणि कार्यगटांचे अध्यक्ष समजून घ्यायला तेवढे दिवस लागतातच.

भारतातून समितीत बसणाऱ्यांनी एक हिशेब आधीच करावा. जगभरच्या लोकांची बैठक बहुधा ग्रीनिच वेळेने दुपारी ३ च्या आसपास ठरते. तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे आठ आणि टोकियोत मध्यरात्र. सगळ्यात जड काम ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात येतं, म्हणजे गणपतीपासून दिवाळीपर्यंत. घरी आणि ऑफिसात हे आधी बोलून ठेवा. अर्ध्या वाटेत गळालेला सदस्य समितीला फार महागात पडतो.

स्वयंसेवकांची यादी: कोण बसू शकतो

स्वयंसेवकांना नाव द्यायला किमान ३० दिवस मिळाले पाहिजेत. सध्याच्या नियमाप्रमाणे तीनपैकी एक वाट पुरते: मागच्या पाच बैठकांपैकी तीन बैठकांना नोंदणी करून हजेरी, प्रत्यक्ष वा ऑनलाइन, किंवा मागच्या तीन वर्षांत कार्यगटाचं अध्यक्षपद वा सचिवपद, किंवा मागच्या पाच वर्षांत किमान दोन आयईटीएफ आरएफसींच्या पहिल्या पानावर लेखक वा संपादक म्हणून नाव. प्रकाशनाच्या रांगेत लागलेला मंजूर मसुदाही तिसऱ्या वाटेत धरला जातो.

ऑनलाइन हजेरीचा मोठा फायदा आपल्याकडच्यांना होतो. पूर्वी वर्षाला दोन परदेशवाऱ्यांचा खर्च कंपनीने उचलला नाही, तर कितीही चांगलं काम करणारा माणूस या यादीत येऊच शकत नव्हता.

विद्यमान पदाधिकाऱ्यांना समितीत मताची जागा नाही, आणि समितीच्या सदस्याला त्या वर्षी भरायच्या पदासाठी उमेदवार होता येत नाही. स्वयंसेवकाने नाव देताना आपली मुख्य संलग्नता, म्हणजे कुणासाठी काम करतो, हे सांगायचं असतं. एका संलग्नतेचे दोनपेक्षा जास्त लोक समितीत बसू शकत नाहीत. ही मर्यादा कागदी नाही. शंभर स्वयंसेवकांत तीस एकाच कंपनीचे असतील, तर निव्वळ नशिबानेही सरासरी तीन जण येतील. उपकंपनी, सल्लागार, नुकतीच नोकरी बदललेला माणूस यांची संलग्नता कोणती धरायची, हे सोडतीआधी लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलात तर कुणाला तरी सोयीचं ठरवल्यासारखं दिसतं.

सोडत: कुणालाही घरबसल्या पडताळता येईल अशी

म्हाडाच्या घरांची संगणकीय सोडत सगळ्यांना माहीत आहे. यंत्र आणि ते चालवणारे यांच्यावर विश्वास ठेवला, की निकाल मान्य होतो. मानक संस्थेत तो विश्वासही मागायचा नाही, हा आरएफसी ३७९७ चा आग्रह. ही पद्धत डोनाल्ड ईस्टलेक यांनी मांडली; हा २००४ चा दस्तऐवज तिची सुधारित आवृत्ती आहे. कल्पना साधी आहे: यादी आधी गोठवायची, अजून न घडलेल्या सार्वजनिक घटनांचे आकडे बीज म्हणून वापरायचे आणि त्यांतून गणिताने नावं काढायची. ज्याच्याकडे यादी आणि आकडे आहेत, त्याला तोच निकाल मिळतो.

१. पात्र स्वयंसेवकांना क्रमांक देऊन यादी जाहीर करा. त्याच वेळी बीज कुठून घेणार, कोणत्या तारखेचं घेणार आणि पद्धत काय, हेही जाहीर करा. सोडतीच्या किमान एक आठवडा आधी हे सगळं लोकांसमोर असलं पाहिजे, म्हणजे हरकत घ्यायला वेळ मिळतो.

२. बीजात पुरेशी अनिश्चितता आहे का ते मोजा. शंभरांतून दहा निवडायला सुमारे ४४ बिट लागतात (एक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात), तीसांतून दहा निवडायला सुमारे २५. एकोणपन्नासांतून सहा आकडे काढणाऱ्या लॉटरीची एक सोडत २३.७ बिट देते. म्हणजे तीस जणांच्या यादीलाही एक लॉटरी थोडी कमीच पडते; दोन घेतल्या तर शंभरांनाही पुरतात. पाच आकडी निकालाची लॉटरी घेतलीत तर त्यात जास्तीत जास्त एक लाख शक्यता असतात, ते १७ बिटांच्याही आत. बिट कमी पडले तर काही समित्या कधीच निघू शकणार नाहीत आणि सोडत समान संधीची राहणार नाही.

३. निकाल लागले की प्रत्येक स्रोतातले आकडे चढत्या क्रमाने लावा, प्रत्येकानंतर पूर्णविरामाचा ठिपका द्या आणि स्रोत संपला की तिरकी रेघ. उदाहरणार्थ ३३, ४, १९, ४६, ११, २७ असे आकडे निघाले, तर साखळी होईल: ४.११.१९.२७.३३.४६./ दुसरा स्रोत तिला तसाच पुढे जोडायचा. छापील मराठीत इथे देवनागरी अंक आहेत, पण संगणकात इंग्रजी अंकच (0 ते 9) टाका. देवनागरी चार आणि इंग्रजी चार यांचे बाइट वेगळे असतात, त्यामुळे हॅश, म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची संख्या, पूर्ण बदलतो आणि पडताळणी करणाऱ्याला भलतीच नावं दिसतात.

४. या साखळीच्या आधी आणि नंतर दोन बाइटांचा अनुक्रमांक लावा: पहिल्या नावासाठी शून्य, दुसऱ्यासाठी एक, असं पुढे. त्याचा एमडी५ या पद्धतीने हॅश काढा. येणारी १२८ बिटांची संख्या यादीत उरलेल्या नावांच्या संख्येने भागा. बाकी सांगते, उरलेल्यांपैकी कितवा (शून्यापासून मोजून). १२० जण असतील तर पहिल्या वेळी १२० ने भागायचं, ते नाव काढून पुढच्या वेळी ११९ ने.

५. एकाच संलग्नतेचा तिसरा माणूस आला, किंवा निवडलेल्याने नकार दिला, तर तो सोडून पुढचा अनुक्रमांक चालवा. सोडत पुन्हा पहिल्यापासून काढू नका.

एमडी५ आज डिजिटल सह्यांसाठी मोडीत निघालेला आहे, मग तो इथे कसा चालतो, असा प्रश्न हमखास येतो. सह्यांच्या बाबतीत हल्लेखोर स्वतः दोन मजकूर रचून त्यांचा हॅश जुळवतो. इथे बीज कुणाच्या हातात नाही आणि यादी आधीच गोठलेली आहे. मनात शंका राहत असेल तर नवा हॅश वापरा, फक्त तसं आधी जाहीर करा.

खऱ्या अडचणी भलतीकडेच येतात. कुणाच्या पात्रतेबद्दल वाद उरला आणि मुदत संपली, तर ते नाव यादीत ठेवा. निघालं आणि अपात्र ठरलं, तर वगळून पुढे जाता येतं. याउलट पात्र माणसाचं नाव राहून गेल्याचं सोडतीनंतर कळलं, तर सगळे क्रमांक हलतात आणि निकाल हातात असताना यादी दुरुस्त करण्याची पाळी येते. बीज निवडतानाही जपा. नंतर सुधारले जाणारे आकडे, उदाहरणार्थ शेअर बाजारातली उलाढाल, टाळावेत. निर्देशांक घ्यायचाच असेल तर कुणी प्रसिद्ध केलेला आणि किती दशांश स्थळांचा, हे लिहा. लॉटरी रद्द झाली तर कोणता पर्यायी निकाल घ्यायचा, तेही आधीच सांगा.

पदाचं वर्णन आणि नावं मागवणं

आता दहा जण बसले. त्यांनी आधी प्रत्येक मंडळाकडून आलेलं अपेक्षांचं टिपण वाचावं आणि समाजालाही विचारावं. मंडळ स्वतःसारखाच माणूस मागतं, हे लक्षात ठेवा. ‘पाच वर्षांचा राउटिंगचा अनुभव’ ही गरज आहे की सवय, हे तपासायचं काम समितीचं आहे.

वर्णनात वेळ स्पष्ट लिहा. आयईएसजीतल्या क्षेत्र संचालकाला दर दोन आठवड्यांच्या औपचारिक बैठकीआधी इतर क्षेत्रांतलेही मसुदे वाचून मत नोंदवावं लागतं, शिवाय आपल्या क्षेत्रातले कार्यगट सांभाळायचे. हे काम आठवड्याचा बराचसा भाग खातं, आणि मुदत दोन वर्षांची. म्हणून उमेदवाराला पहिला प्रश्न हा: तुमचा मालक दोन वर्षं हा वेळ द्यायला तयार आहे का, आणि तसं कुणी स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे का? तोंडदेखला होकार कंपनीच्या पुढच्या पुनर्रचनेत वाहून जातो.

नाव कुणीही सुचवू शकतो, स्वतःचंही. हात वर न करणारी माणसंच पुष्कळदा कामाची असतात. अवघड वादात दोन्ही बाजूंना पटेल असा सारांश कोण लिहितं, दुसऱ्यांचे मसुदे नेमाने कोण तपासतं, हे पाहून त्यांना स्वतःहून विचारा. विद्यमान पदाधिकारी पुन्हा इच्छुक असला, की बाकीचे आदराने मागे राहतात आणि एका पदाला एकच नाव उरतं. हा आजार जुना आहे. समितीने लवकर आणि उघडपणे सांगावं की पुनर्नियुक्ती गृहीत नाही, आणि या वर्षी नाव न लागणं हा कुणाचाही अपमान नाही.

अभिप्राय: गुप्तता हा कामाचा भाग आहे

पूर्वी उमेदवारांची नावंही गुप्त असत. समिती मग खऱ्या उमेदवारांमध्ये खोटी नावं मिसळून अभिप्राय मागवी, आणि लोक दमून जात. २००९ च्या आरएफसी ५६८० ने इच्छुकांची यादी उघड करायला परवानगी दिली. अभिप्राय मात्र आजही गुप्तच राहतात, आणि राहायलाच हवेत. आपल्या क्षेत्र संचालकाबद्दल खरं सांगणाऱ्याचा मसुदा उद्या त्याच संचालकाच्या टेबलावर जाणार असतो.

आयईटीएफच्या प्रणालीत अभिप्राय समितीच्या सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध होऊन साठवले जातात. ते उघडणारी खासगी किल्ली समितीकडेच राहते. किल्ली बनवल्याच्या दिवशीच दोन सदस्यांनी एक चाचणी अभिप्राय उघडून बघावा, आणि तिची प्रत कुठे आहे हे अध्यक्षाखेरीज आणखी एकाला माहीत असावं. किल्ली हरवली तर सगळे अभिप्राय गेले.

अभिप्राय वाचताना संख्येला भुलू नका. ‘उत्तम माणूस, पूर्ण पाठिंबा’ अशी वीस पत्रं एकाच कंपनीतून आली तर त्यांचं मोल एका पत्राएवढं. याउलट ‘मसुदा चार महिने अडकला होता, तिने दोन्ही गटांना वेगवेगळं ऐकलं आणि आक्षेपाचा नेमका मुद्दा लिहून काढला’ अशा एका वाक्यात माणसाची कामाची पद्धत दिसते. तक्रारीलाही हीच कसोटी लावा: कधी, कोणत्या कामात, नेमकं काय झालं? निर्णय आपल्याविरुद्ध गेल्याचा राग आणि वागणुकीची तक्रार या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या पाहिजेत.

मुलाखती

एका पदाच्या सगळ्या उमेदवारांना तेच मूळ प्रश्न, तेवढाच वेळ. अर्धा तास पुरतो. दोन-तीन सदस्यांनी घ्यावी आणि एकाने फक्त टिपणं काढावीत. नोव्हेंबरच्या बैठकीत समोरासमोर भेटी सोप्या जातात, पण तिथे न येऊ शकणाऱ्याचं पारडं हलकं होऊ नये म्हणून सगळ्यांच्याच मुलाखती ऑनलाइन घ्या.

‘तुमचं नेतृत्वाचं तत्त्वज्ञान काय’ असल्या प्रश्नांना पाठ केलेली उत्तरं येतात. त्याऐवजी विचारा: तुमच्या मालकाच्या हिताविरुद्ध जाणारा मसुदा तुमच्यासमोर आला, तर कुठल्या क्षणी बाजूला व्हाल? तुम्ही तांत्रिकदृष्ट्या चूक मानता अशा गोष्टीवर ढोबळ सहमती झाली आहे, काय कराल? पहिल्या प्रश्नाला ‘असं कधी होणारच नाही’ म्हणणारा उमेदवार धोक्याचा. दुसऱ्यात सहमती मोडून काढण्याची भाषा येते का, याकडे कान द्या. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्याला उत्तर जुळवायला वेळ द्या. प्रश्न एक दिवस आधी लेखी पाठवले तर हा फरक बराच मिटतो.

उमेदवार समितीच्या एखाद्या सदस्याच्याच कंपनीतला असेल, तर त्या सदस्याने ते पहिल्याच चर्चेत सांगावं. संपर्क प्रतिनिधींना आपल्या मंडळाचं काम कसं चालतं ते विचारा, अमुक सहकारी कसा आहे हे खोदून विचारू नका. ते मंडळ आपलीच पुनर्निवड करायला लागलं, तर सोडतीची सगळी मेहनत वाया.

यादी बांधताना

पद एकेक करून भरू नका. एका क्षेत्राला दोन संचालक असतील, तर त्यांतला एक पुढच्या वर्षीपर्यंत आहेच. नवा माणूस त्याला पूरक हवा. दोघे एकाच कंपनीचे झाले, तर त्या कंपनीच्या मसुद्यावर दोघांनाही बाजूला व्हावं लागेल आणि क्षेत्र पोरकं होईल. प्रत्येक पदासाठी पहिलं नाव ठरवताना दुसरंही ठरवा. मान्यता देणाऱ्या मंडळाने नकार दिला किंवा उमेदवाराने नोकरी बदलली, तर शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. मतदान कसं करायचं हे उमेदवारांची नावं बघण्याआधी ठरवून टाका.

मान्यता मागताना उमेदवाराचं नाव, त्याची संमती, अनुभव आणि तो अपेक्षांना कसा उतरतो याचं टिपण पाठवायचं. कच्चे अभिप्राय पाठवायचे नाहीत, मागितले तरी नाही. पद मिळाल्यावर कुणी फारच बिघडवलं तर परत बोलावण्याची वाटही नियमांत आहे: पात्र सहभागींपैकी २० जणांचा अर्ज, स्वतंत्र समिती आणि तीन चतुर्थांश बहुमत. वाट मुद्दाम अरुंद ठेवली आहे, पण ती लेखी असावी.

ज्यांची निवड झाली नाही त्यांना जाहीर घोषणेच्या आधी अध्यक्षाने स्वतः फोन करावा. कारणमीमांसा करू नये, कारण त्यातून अभिप्राय फुटतात. आभार मानावेत आणि पुढच्या वर्षी नाव द्या असं मनापासून सांगावं. त्यानंतर मुलाखतींची टिपणं आणि प्रती पुसून टाकाव्यात, सदस्यांच्या लॅपटॉपवरच्यासुद्धा. कार्यपद्धतीत काय अडलं, किती दिवस कुठे गेले, कोणता प्रश्न निरुपयोगी ठरला, एवढंच व्यक्तींची नावं न घेता लिहून पुढच्या वर्षीच्या अध्यक्षाच्या हाती द्यावं.